पहिला व्हॉल्व्ह अँप्लिफायर: आवाज कुणाचा, वीज कुणाची?



करकंबला येऊन बाजार आमटी न खाता व्यासपीठावर चढणं बरं नव्हे, आणि ती ओरपून झाल्यावर तासभर बोलणं सोपं नव्हे. मी पहिली चूक टाळली आहे, दुसरी आता करतो आहे. सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्याच गावातल्या पोरांनी सुचवला. त्यांना पहिला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बनवायचा आहे. आमच्या लहानपणी मंडपवाल्याकडे असायचा तसा, आत दिवे लागल्यासारखा लाल उजेड दिसणारा. त्यांनी विचारलं, सुरुवात कुठून करू? मी म्हटलं, मी इतिहासाचा माणूस, हौसेनं डाग देणारा. त्यामुळे सुरुवात इतिहासापासून करीन आणि शेवटी टेबलावरच्या या डब्यापर्यंत येईन. आधी एक प्रश्न मनात ठेवा. आपण म्हणतो, 'अँप्लिफायर आवाज वाढवतो.' खरंच वाढवतो का? आणि वाढवत असेल, तर कुणाचा?

आधी अँप्लिफायर नव्हता तेव्हाचं बघू. सोलापूरच्या माणसाला 'भोंगा' म्हटलं की गिरणी आठवते. मोठा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा, रेल्वेची शिट्टी, देवळाची घंटा, नगारा. माणसाच्या गळ्यातून निघणाऱ्या आवाजाला मात्र मर्यादा होती. त्या मर्यादेवर आपल्या लोकांनी उपाय काढले, आणि आपण आज ज्याला कला म्हणतो त्यातला बराचसा भाग त्या उपायांचा आहे. तमाशात मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभे असलेले सुरते झील धरतात. वारकरी कीर्तनात बुवांनी चरण म्हटला की टाळकरी तो उचलून धरतात. यात भक्ती आहे, रंग आहे, आणि साधा हिशेबही आहे: एका गळ्याचं काम दहा गळ्यांनी करायचं. 'पहाडी आवाज' हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा झाला तो यामुळेच. शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांचा आवाज आठवा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांनी त्यांना ऐकलं, ते आधी शब्दांविषयी बोलत नाहीत, आवाजाविषयी बोलतात. आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले तेही डफ-तुणतुणं आणि खडा गळा एवढ्या भांडवलावर.

आता त्या सभेची, त्या कीर्तनाची कड डोळ्यांसमोर आणा. जिथपर्यंत आवाज पोहोचतो तिथपर्यंत श्रोते. पुढे कोण बसायचं? गावातली मोठी माणसं. मागे कोण? बायाबापड्या, उशिरा आलेले, आणि ज्यांना पुढे बसूच दिलं जात नव्हतं ते. इथून पंचवीसेक किलोमीटरवर पंढरपूर. विठ्ठलाच्या देवळात १९४७च्या मे महिन्यापर्यंत अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं. साने गुरुजींनी १ मे १९४७ला उपोषण सुरू केलं, ते १० मेला सुटलं, आणि मग दार उघडलं. म्हणजे आवाजाची जी कड होती ती नुसती भौतिकशास्त्राची नव्हती, ती समाजाचीही होती. ऐकू न येणारे लोक आणि आत येऊ न दिलेले लोक, बहुतेक वेळा तेच.

या कडेला धक्का देणारं यंत्र फार लांबून आलं. १८८३मध्ये एडिसन आपल्या दिव्याच्या काचा आतून काळ्या का पडतात ते शोधत होता. दिव्याच्या आत त्यानं एक वेगळी पट्टी बसवली, आणि तापलेल्या तारेकडून त्या पट्टीकडे, मधल्या मोकळ्या जागेतून, वीज वाहते असं त्याला दिसलं. त्याचा पुढे किती मोठा उपयोग होईल ते त्याला सुचलं नाही. १९०४मध्ये इंग्लंडात फ्लेमिंगनं त्यातून दोन टोकांची नळी केली. वीज एका दिशेनं जाऊ द्यायची, उलट येऊ द्यायची नाही. पाण्याच्या पाइपात एकतर्फी झडप असते तशी. म्हणून इंग्रजांनी तिला नाव दिलं व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. १९०६मध्ये अमेरिकेत ली द फॉरेस्टनं त्या दोन टोकांच्या मध्ये तारेची एक जाळी घातली. तिला आपण ग्रिड म्हणतो. सगळा चमत्कार त्या जाळीत आहे.

गंमत म्हणजे खुद्द द फॉरेस्टला ती का चालते हे नीट कळलेलं नव्हतं. नळीत थोडा वायू हवाच, अशी त्याची समजूत होती. १९१२-१३च्या सुमारास टेलिफोन कंपनीतला आर्नोल्ड आणि जनरल इलेक्ट्रिकमधला लँगम्यूर यांनी उलट केलं, हवा शक्य तेवढी काढून टाकली, आणि नळी भरवशाची झाली. २५ जानेवारी १९१५ला न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला तो वाटेत या नळ्या बसवून. ११ नोव्हेंबर १९२१ला अमेरिकेच्या अध्यक्षांचं भाषण आर्लिंग्टनच्या मैदानातल्या गर्दीला लाउडस्पीकरवरून ऐकवलं गेलं, आणि टेलिफोनच्या तारेवरून तेच न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या गर्दीलाही. एका माणसाचा बोलण्याचा साधा आवाज, तीन शहरांत, एकाच वेळी.

जाळी काय करते ते इथे बसलेल्या शेतकऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजेल. उजनीचा कालवा डोळ्यांसमोर आणा. धरणात पाणी तुंबलेलं आहे. कालव्याच्या दाराशी एक माणूस चाक फिरवतो. त्याच्या मनगटात किती जोर? फार तर एक बादली उचलण्याइतका. पण त्यानं चाक थोडं फिरवलं की खाली शेकडो एकरांचं पाणी कमीजास्त होतं. ते पाणी त्यानं निर्माण केलं का? नाही, पाणी धरणाचं. त्यानं फक्त त्याला वळण लावलं.

व्हॉल्व्हमध्ये कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरची प्लेट, म्हणजे अ‍ॅनोड, तिला अडीचशे-तीनशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो, ती त्यांना ओढते. हे झालं धरण आणि उतार. मध्ये जाळी, तिला किंचित ऋण दाब. माईकमधून किंवा तबकडीवरच्या पिकअपमधून आलेला बारीकसा कंप जाळीवर आला की प्लेटकडे जाणारा प्रवाह त्याच तालावर कमीजास्त होतो. म्हणजे मघाच्या प्रश्नाचं उत्तर असं की अँप्लिफायर तुमचा आवाज वाढवत नाही. ताकद दुसऱ्या कुणाची असते, विजेची किंवा बॅटरीची. तुमचा आवाज त्या ताकदीला फक्त आपला आकार देतो.

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवलंत तर पुढचा सगळा इतिहास त्यातून उलगडतो. कारण मग प्रश्न येतो: ताकद कुणाची?

आपल्याकडे ही नळी तीन वाटांनी आली.

पहिली वाट रेडिओची. २३ जुलै १९२७ला मुंबईचं प्रसारण केंद्र सुरू झालं. दुसरी वाट सिनेमाची. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, आणि १९३२मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' बोलता केला, तो पहिला मराठी बोलपट. लोकांना वाटतं बोलपट म्हणजे पडद्याची गोष्ट. पण फिल्मच्या कडेला छापलेला आवाज उजेडानं वाचायचा, त्यातून आलेली अगदी क्षीण वीज वाढवायची आणि पडद्यामागच्या स्पीकरला द्यायची, हे सगळं व्हॉल्व्हवर चालायचं. जत्रेतल्या तंबूत टूरिंग टॉकीज उतरायची तेव्हा प्रोजेक्टरबरोबर जनरेटर असायचा. तो फट् फट् करत बंद पडला की चित्रही गेलं आणि आवाजही गेला. खेड्यातल्या माणसाला अँप्लिफायर आणि वीज यांचं नातं पहिल्यांदा कळलं ते तिथे, अंधारात, शिट्ट्या वाजवताना.

तिसरी वाट सभांची. मोटवानींच्या शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांतून आणि सभांतून लागायला लागले. त्या काळातले फोटो पाहिलेत तर पुढाऱ्यासमोरच्या माईकवर ते नाव दिसतं. सभा मोठ्या झाल्या. डिसेंबर १९३६मध्ये तर काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, खानदेशात फैजपूरला. भाषणाची शैलीही बदलली. गळा फाडून बोलायची गरज संपली, थांबून, समजावून, हळू आवाजात बोलता यायला लागलं.

गाण्यातही तेच झालं. आपलं भावगीत हे माईकचं आणि रेडिओचं लेकरू आहे असं मी म्हणतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या संगीत नाटकातल्या गायकाला भावगीत गाताच आलं नसतं असं नाही, पण ते कुजबुजीइतकं हळवं गाणं हजार माणसांपर्यंत गेलं नसतं. २ ऑक्टोबर १९५३ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ला तिथून गीतरामायण सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसायचे हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. आता तांत्रिक अंगानं बघा. स्टुडिओतला अँप्लिफायर, प्रक्षेपक, घरातला रेडिओ, या साखळीत सगळीकडे व्हॉल्व्ह. खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत १९५४च्या शेवटी विकायला आला होता, तो आपल्या गावात यायला अजून बरीच वर्षं होती.

पण ज्या गावात वीजच नाही तिथं काय? हा आपला मुद्दा.

व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागते. एक कॅथोड तापवायला: कमी दाब, जास्त प्रवाह. दुसरी प्लेटला: जास्त दाब, कमी प्रवाह. वीज नसलेल्या गावातल्या रेडिओसाठी त्यामुळे बॅटरीही दोन लागायच्या. एक एलटी, दीड व्होल्टची, आणि एक एचटी, नव्वद व्होल्टची. नव्वद व्होल्ट म्हणजे दीड व्होल्टचे साठ सेल एका खोक्यात रांगेनं जोडलेले. रेडिओ एकदा विकत घ्यायचा, बॅटरी मात्र पुन्हा पुन्हा. १९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवून प्रयोग केला. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा करायची, आणि आपले प्रश्न उलट केंद्राकडे पाठवायचे. जगभर गाजलेला प्रयोग आहे हा. मला त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, उलट पाठवायची. नाहीतर रेडिओ एकाच दिशेनं बोलतो, फ्लेमिंगच्या नळीसारखा.

सभेच्या अँप्लिफायरला असल्या कोरड्या सेलनं भागत नसे. त्याला मोटारीची बॅटरी. पण मोटारीच्या बॅटरीचे सहा किंवा बारा व्होल्ट प्लेटला काय पुरणार? मग मध्ये व्हायब्रेटर बसवायचा. आत एक पाती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते, बॅटरीची सरळ वीज तोडत-जोडत राहते, ती ट्रान्सफॉर्मरमधून तीनशे व्होल्टपर्यंत चढवायची आणि पुन्हा सरळ करायची. त्याची गुणगुण ज्यांनी ऐकली आहे ते आज इथे असतील. (श्रोत्यांत हात वर होतात.) बघा, आहेत.

आता हिशेब करा. पंचवीस वॅटचा असा अँप्लिफायर बॅटरीतून सहज शंभर वॅट ओढतो, कारण बरीचशी वीज व्हॉल्व्ह तापवण्यात आणि नुसत्या उष्णतेत जाते. बारा व्होल्टवर शंभर वॅट म्हणजे आठ अँपिअरच्या वर. साठ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी सहा-सात तासांत रिकामी. एका रात्रीच्या कीर्तनाला पुरेल, सप्ताहाला नाही. मग बॅटरी उचलायची आणि जिथे वीज असेल त्या गावी चार्जिंगला न्यायची. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा कर्णा. तो दिसायला भारदस्त म्हणून नाही. साधा कागदी शंकूचा स्पीकर मिळालेल्या विजेतला शेकडा एखादाच भाग आवाजात बदलतो, कर्णा त्याच्या कितीतरी पट. दहा वॅटमध्ये गाव ऐकतं ते कर्ण्यामुळे. वीज महाग होती म्हणून कर्णा आला. पुढे वीज स्वस्त झाली तरी कर्णा राहिला, ती गोष्ट शेवटी सांगतो.

तर ताकद कुणाची? ज्याची बॅटरी, ज्याचा जनरेटर, ज्याची जीप, त्याची. कर्ण्यानं ऐकणाऱ्यांची कड लांब नेली हे खरं. मागे बसलेल्या बाईला पहिल्यांदा बुवांचा शब्द न् शब्द ऐकू आला. ज्याला मंडपात जागा नव्हती त्यालाही आपल्या ओट्यावर बसून अभंग ऐकू आला. हा छोटा बदल नाही. तुमच्या गावावरून पैठणची नाथांची पालखी जाते, त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची पालखी जाते. मुक्कामाच्या रात्री शेवटच्या राहुटीतल्या म्हातारीला कीर्तन ऐकू येणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पण माईक? माईक होता तिथेच राहिला, भाडं देणाऱ्याच्या हातात. ऐकणारे वाढले, बोलणारे तेवढेच. हे मी व्हॉल्व्हच्या पदरात घातलेलं दूषण नाही. जाळी बिचारी जो येईल त्याचा आवाज वाढवते.

हे चित्र थोडं बदललं ते दोन गोष्टींनी. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करी सामान 'डिस्पोजल' म्हणून बाजारात आलं. त्यात व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, माईक, सगळं. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात ते किलोवर विकलं गेलं. ८०७ नावाचा, डोक्यावर टोपी असलेला व्हॉल्व्ह आपल्याकडच्या सभांच्या अँप्लिफायरमध्ये इतका दिसतो तो काही उगाच नाही. दुसरी गोष्ट, बंगळूरला १९५४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स स्थापन झाली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले. त्याच सुमाराला, २० जून १९६०ला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं आणि तारा हळूहळू खेड्याकडे निघाल्या. म्हणजे सुटे भाग देशातले आणि वीज दाराशी. आता तालुक्याच्या गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकणारा पोरगा भाड्याच्या सेटवर न थांबता स्वतः सेट बांधू लागला. पत्र्याचं चेसिस स्वतः वाकवायचं, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा. बाहेर कंपनीचं नाव नाही, असलंच तर रंगानं काढलेलं मंडपवाल्याचं नाव. या माणसांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. पण धरणाचं चाक पहिल्यांदा गावातल्या माणसाच्या हातात आलं ते यांच्यामुळे. म्हणून पोरांनो, तुम्ही पहिला अँप्लिफायर करायला निघालात तेव्हा तुम्ही नुसती हौस करत नाही आहात, एका परंपरेत उतरत आहात.

आणि त्या परंपरेचा पहिला धडा: आधी वीज, मग आवाज. नवशिके सगळे उलट करतात. कुठला व्हॉल्व्ह गोड, कुठला कंडेन्सर भारी, यावर महिना घालवतात. दुरुस्तीवाला आधी पुरवठा बघतो. ताकद कुठून येते ते आधी पक्कं करा.

(वक्ते टेबलावरील अँप्लिफायर उलटा करून दाखवतात.)

हा एका बाजूचा, एक स्पीकर चालवणारा सेट आहे. दोनच व्हॉल्व्ह. ईसीसी ८३ आवाज उचलतो, ईएल ८४ स्पीकरला ढकलतो. मिळतात जास्तीत जास्त पाच-साडेपाच वॅट, स्वच्छ म्हणाल तर तीन-चार. पहिल्या खेपेला याच्यापुढे जाऊ नका. १९४७मध्ये विल्यमसननं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलेलं पंधरा वॅटचं मंडल जगभरच्या हौशी लोकांनी केलं, अप्रतिम आहे, पण ती दुसरी-तिसरी इयत्ता.

पहिली गोष्ट, जुन्या रेडिओचं चेसिस वापरणार असाल तर तो 'एसी-डीसी' सेट नाही ना बघा. त्यात मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, घरातली वीज थेट पत्र्याला आलेली असते. त्याला हात लावू नका. तुम्हाला हवा ट्रान्सफॉर्मर असलेला सेट.

दुसरी, ट्रान्सफॉर्मरवर २५०-०-२५० लिहिलंय म्हणून २५० व्होल्ट मिळतील असं समजू नका. डायोड आणि कंडेन्सर लावल्यावर, पुढे काही जोडलेलं नसताना, तोच आकडा साडेतीनशेपर्यंत चढतो. कंडेन्सर ४५० व्होल्टचे घ्या. आणि सेट बंद केल्यावरही तो दाब कंडेन्सरमध्ये बसून राहतो. मी स्वतः एकदा प्लग काढून, निवांतपणे बोट लावलं आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडलो. म्हणून कंडेन्सरच्या दोन टोकांत एक लाख ओहमचा, तीन वॅटचा रोध कायमचा डाग देऊन टाका. तो बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करत राहतो. तरीही मीटरनं मोजल्याशिवाय हात नाही. चालू सेटवर मोजताना एक हात खिशात.

तिसरी, सिरीज दिवा. दुरुस्तीच्या दुकानात बोर्डावर लटकणारा तो साठ वॅटचा जुना बल्ब. सेट त्याच्यातून सुरू करायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. बल्बच्या किमतीत ट्रान्सफॉर्मर वाचतो. पण लक्षात ठेवा, तो सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक तितकाच बसतो.

मग क्रम. व्हॉल्व्ह न लावता आधी नुसता पुरवठा मोजा. मग तापवायचे सहा पूर्णांक तीन व्होल्ट मोजा. मग स्पीकर जोडून, विसरू नका, स्पीकर जोडूनच, ईएल ८४ लावा. स्पीकर नसताना जोरात चालवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कॅथोडच्या १५० ओहमच्या रोधावर सात-आठ व्होल्ट दिसले की व्हॉल्व्हमधून पन्नासेक मिलिअँपिअर वाहत आहेत, सगळं ठीक. शेवटी ईसीसी ८३. आणि मगच गाणं.

आता कर्ण्याची राहिलेली गोष्ट. वीज महाग होती तोवर वॅट मोजून वापरले गेले. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, जनरेटर ट्रकवर चढले, आणि मोजणं सुटलं. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात, आणि दुप्पट लांब तितकाच आवाज न्यायचा तर चौपट. म्हणजे जवळच्याचे कान फुटतात तेव्हा लांबच्याला जेमतेम ऐकू येतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितलं, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची हद्द घातली. जिल्ह्याजिल्ह्यात त्यावरून वाद होतात ते तुम्ही बघता. ज्या यंत्रानं मागच्या माणसाला कीर्तन ऐकवलं, त्याच यंत्रानं आता आजारी माणसाची झोप मोडते. दोन्ही वेळेला मूळ प्रश्न तोच: चाक कुणाच्या हातात, आणि त्याला कुणी विचारायचं?

पाच वॅटचा हा डबा त्या प्रश्नाचं उत्तर नाही. पण जो माणूस स्वतः पुरवठा बांधतो, किती वीज आत जाते आणि त्यातला किती थोडा भाग आवाज होतो हे मोजतो, त्याला 'पुरेसं' म्हणजे काय ते कळतं. आणि एकदा डबा झाला की त्यावर पहिला माईक कुणाला द्यायचा तेही तुम्हीच ठरवणार आहात. मी सुचवीन, मागे बसणाऱ्याला द्या.



(टाळ्या. नंतरच्या प्रश्नोत्तरांतील दोन प्रश्न.)

प्रश्न: सर, व्हॉल्व्ह आता मिळतात का?

उत्तर: मिळतात. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही बनतात. आपल्या बंगळूरच्या कारखान्याचे जुने, न वापरलेले व्हॉल्व्हही जुन्या रेडिओ दुकानांतून निघतात. दुकानदार आजोबांशी आधी तासभर गप्पा मारा, मग भाव विचारा. व्हॉल्व्हबरोबर दोन युक्त्याही मिळतील, आणि त्या जास्त मोलाच्या आहेत.

प्रश्न: ट्रान्झिस्टरपेक्षा व्हॉल्व्हचा आवाज खरंच गोड असतो का?

उत्तर: ताण पडला की व्हॉल्व्ह एकदम फाटत नाही, हळूहळू वाकतो, आणि त्यातून जे जादाचे सूर निघतात ते कानाला फार खुपत नाहीत. एवढं खरं. बाकीचं थोडं स्पीकरचं, थोडं सवयीचं, आणि बरंचसं आठवणींचं. चांगला ट्रान्झिस्टर सेट मोजमापात याला कधीही हरवेल. पण त्याच्या आत बघून, वीज इथून इथे गेली असं बोट दाखवून सांगता येत नाही. शिकायला हाच बरा. या, जवळ या, आता चालू करतो. तापायला अर्धा मिनिट लागतो, घाई करू नका.